हं म्हण

सहा वर्षांपूर्वी श्रावणात मी मोठ्या आत्याकडे वाईला गेले होते. तिची शुक्रवारची कहाणी फोनवर ध्वनिमुद्रित करून घ्यायची, एवढ्याचसाठी. पंखा बंद केला, गळक्या नळाला फडकं बांधलं, फोन पाटावर ठेवला. आत्यानं माझ्या हातात तांदळाचे चार दाणे दिले आणि सुरुवात केली. आवाज स्वच्छ यावा म्हणून मी तोंडातून अवाक्षर काढत नव्हते, नुसती मान हलवत होते. आत्याला आता फारसं दिसत नाही. चार-पाच वाक्यं झाली, ती अडखळली, मागचं वाक्य पुन्हा घेतलं, मग थांबलीच.

“अगं, हं म्हण की! तू हं म्हणत नाहीस, मग मी सांगतेय कुणाला?”

तिथेच ते मुद्रण संपतं. दोन मिनिटांचंसुद्धा नाही. कहाणी त्यात जेमतेम आटपाट नगरापर्यंत पोचते. मी ते खोडून टाकलेलं नाही, कारण त्यानंतर काही महिन्यांनी मला एक जपानी शब्द भेटला आणि तेव्हापासून आत्याचं ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलेलं नाही.

मी जपानीची दुभाषी आहे. पुण्यात जपानी शिकलेले पुष्कळ आहेत, त्यांतल्या बऱ्याच जणांसारखं माझंही काम कारखान्यांतलं. यंत्रं, सुटे भाग, तपासणीचे तक्ते. एकदा एक वयस्कर जपानी तंत्रज्ञ नव्या मुलांना शिकवत होते. त्यांनी एक लोखंडी दांडा घेतला, एक टोक फिरत्या यंत्राच्या बेअरिंगपाशी टेकवलं, दुसरं कानाला लावलं. आपल्याकडचे जुने फिटर स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला लावून हेच करतात. मग त्यांनी दांडा एकेका मुलाच्या हाती दिला आणि तोंडानं आवाज काढून दाखवला: चांगलं बेअरिंग असं वाजतं, बिघडायला लागलेलं असं. एका मुलानं विचारलं, “हे पुस्तिकेत कुठल्या पानावर आहे?” ते म्हणाले, “नाही. हे कुचिझुताए आहे.”

मी भाषांतर करताना “तोंडी परंपरेनं आलेलं” असं काहीतरी म्हणून वेळ निभावली. घरी आल्यावर मात्र शब्द उलगडत बसले.

कुचि म्हणजे तोंड. त्सुताएरु म्हणजे पोचवणं, पुढच्याच्या हाती देणं. दोन्ही जोडताना ‘त्सु’चा ‘झु’ होतो आणि कुचिझुताए तयार होतो. लिहिताना तोंडाचं चिन्ह म्हणजे साधा चौकोन, उघड्या तोंडासारखा. शेजारच्या पोचवण्याच्या चिन्हात डाव्या अंगाला एक माणूस उभा असतो. हीच दोन चिन्हं चिनी वळणानं वाचली की शब्द होतो कुदेन. लिपी तीच, पण स्वभाव वेगळे. कुचिझुताए अंगणातला शब्द आहे: आजीची गोष्ट, लोणच्याचं प्रमाण, गावातली वदंता, सगळं त्यात बसतं. कुदेन बंद दाराआडचा आहे, गुरूनं एकाच शिष्याला सांगायची गोष्ट.

आणि मराठीत? तोंडोतोंडी आहेच. पण मनात आधी आला तो कर्णोपकर्णी. तीच वाट, तोच प्रवास, पण जपान्यांनी मोजली तोंडं आणि आपण मोजले कान. आपली कहाणी तर सुरूच होते ‘ऐका’ या शब्दानं. ऐका शुक्रवारा, तुमची कहाणी. देवालासुद्धा पहिलं काम दिलंय ते ऐकायचं.

त्या दिवसापासून जपानी मौखिक परंपरेबद्दल काही वाचलं की मी सांगणाऱ्याकडे कमी आणि ऐकणाऱ्याकडे जास्त बघते. तोंडाचं नाव घेणाऱ्या या शब्दाच्या पोटात किती कान आहेत, ते मग दिसायला लागलं.

अगदी मुळाशी जाऊ. जपानचा सर्वात जुना उपलब्ध ग्रंथ ‘कोजिकी’, सन ७१२ चा. त्याच्या प्रस्तावनेत हिएदा नो आरे या व्यक्तीची हकिगत आहे. वय २८, बुद्धी अशी की डोळ्यांसमोर आलेलं तोंडानं म्हणून दाखवावं आणि कानावर पडलेलं मनावर कोरलं जावं. सम्राट तेन्मूनं आरेला राजघराण्याच्या वंशावळी आणि जुन्या कथा पाठ करायला लावल्या. आरे स्त्री की पुरुष, यावर अभ्यासकांचा वाद आजही मिटलेला नाही. सन ६८६ मध्ये सम्राट वारला आणि काम तसंच राहिलं. पुढची पंचवीस वर्षं ते सगळं एका माणसाच्या डोक्यात होतं. मग ७११ मध्ये सम्राज्ञी गेन्मेईनं ओ नो यासुमारो या विद्वानाला लिहून घ्यायला सांगितलं आणि चार-साडेचार महिन्यांत ग्रंथ दरबारात हजर झाला.

त्या चार महिन्यांचा मी फार विचार करते. जपानीला तेव्हा स्वतःची लिपी नव्हती, हाताशी फक्त चिनी चिन्हं. यासुमारोनं कुठे अर्थासाठी चिन्ह वापरलं, कुठे नुसत्या उच्चारासाठी. ही कसरत कशी केली, तेही त्यानं प्रस्तावनेत सांगितलंय. पण लिहून झालं म्हणजे टिकलं, असं झालं नाही. हजार वर्षांनी चिन्हं जागेवर होती, त्यांतला आवाज बराचसा हरवलेला. मात्सुसाका गावचे एक वैद्य, मोतोओरी नोरिनागा, दिवसा रोगी तपासायचे आणि उरलेल्या वेळात हा ग्रंथ मोठ्यानं कसा म्हटला जात असेल ते शोधायचे. १७९८ मध्ये त्यांची टीका पुरी झाली, ४४ खंडांची. पस्तीसेक वर्षं लागली. आरेनं सांगितलेलं यासुमारोनं चार महिन्यांत लिहिलं, आणि ते पुन्हा ऐकू यावं म्हणून एका माणसाचं जवळजवळ अर्धं आयुष्य गेलं. ही गोष्ट मी कुणालाही सांगते तेव्हा माझा गळा थोडा दाटतो.

कुदेनच्या बंद खोलीतही असंच काहीतरी आहे. नोह या जुन्या जपानी नाट्यप्रकाराचे आचार्य झेआमी यांनी आपल्या कलेवर जो ग्रंथ लिहिला, त्याच्या शेवटच्या प्रकरणाचं नाव ‘बेश्शी कुदेन’, म्हणजे वेगळ्या कागदावरचं तोंडी गुपित. तोंडी म्हणायचं आणि कागदावर उतरवायचं, हा विरोध मला आधी खटकला होता. मग त्यातलं एक वचन वाचलं. घर म्हणजे घराणं नव्हे, पुढे चालवणारा असेल तर ते घराणं. नुसता मुलगा असून भागत नाही, घेणारा असावा लागतो. झेआमींनी कागद लिहिला तो घेणारा भेटेपर्यंत निरोप राहावा म्हणून, असं मला वाटतं. तो कागद पाचशे वर्षं मोजक्या हातांतच फिरला. सर्वसामान्य वाचकांपुढे तो १९०९ मध्ये आला, इतिहासकार योशिदा तोगो यांनी छापला तेव्हा.

याहून थरारक हकिगत होसोकावा यूसाई यांची. सामुराई, आणि जोडीला कवितेचे मोठे जाणकार. दहाव्या शतकातल्या एका राजमान्य काव्यसंग्रहाचे गूढ अर्थ गुरूकडून शिष्याकडे तोंडी देण्याची परंपरा होती, ती त्या काळी त्यांच्यापाशी येऊन थांबली होती. सन १६०० मध्ये त्यांच्या तानाबे किल्ल्याला वेढा पडला. आत पाचशे माणसं, बाहेर पंधरा हजार. यूसाई मेले तर त्या कवितांचा अर्थही त्यांच्याबरोबर जाणार, म्हणून सम्राट गो-योझेई यांनी मध्ये पडून वेढा उठवायला लावला. तोवर जवळजवळ दोन महिने गेले होते, आणि ते पंधरा हजार सैनिक सेकिगाहाराच्या निर्णायक लढाईला पोचलेच नाहीत. या म्हाताऱ्या कवीच्या डोक्यात जे होतं त्याला तलवारीपेक्षा जास्त किंमत होती, आणि ती किंमत ओळखणारा कोणीतरी राजधानीत बसलेला होता.

गोष्ट ऐकताना मधूनमधून ‘हं’, ‘हो का’, ‘मग’ म्हणायचं, याला जपानीत आयझुची म्हणतात. आम्हाला भाषेच्या वर्गात हा शिष्टाचार म्हणून शिकवला गेला: जपानी माणूस बोलत असताना गप्प राहू नका, त्याला वाटतं तुमचं लक्ष नाही. शब्दाचं मूळ मात्र लोहाराच्या भात्यापाशी आहे. तापलेल्या लोखंडावर उस्तादाचा एक घाव, समोरच्या शिकाऊ पोराचा एक घाव, आळीपाळीनं. त्या समोरच्या घणाला आयझुची म्हणतात. आत्याच्या कहाणीवर त्या दिवशी एकाच बाजूनं घाव पडत होते.

अशा घणाचं सगळ्यात सुंदर उदाहरण मला एका नवरा-बायकोच्या घरात सापडलं. लाफ्कादिओ हर्न हा आयरिश-ग्रीक लेखक १८९० मध्ये जपानला आला आणि तिथलाच झाला. त्याची बायको कोइझुमी सेत्सु, पडत्या काळातल्या सामुराई घरातली. त्याचं जपानी मोडकंतोडकं, तिला इंग्रजी जवळजवळ नाहीच. दोघांची आपसातली अशी एक भाषा तयार झाली होती. सेत्सु जुनी पुस्तकं धुंडाळून भुतांच्या कथा शोधायची आणि रात्री दिव्याची वात बारीक करून त्याला सांगायची. ती पुस्तक हातात घेऊन वाचायला लागली की तो अडवायचा. पुस्तक बघायचं नाही, तुझी गोष्ट, तुझे शब्द, तुझा विचार हवा. हे तिनं पुढे आठवणींत सांगून ठेवलं आहे. म्हणजे तिनं आधी ती कथा पचवायची, आपली करायची, आणि मग द्यायची. ऐकताना त्याचा चेहरा असा व्हायचा की सांगणारीलाच भीती वाटायची. अमुक वाक्य त्या माणसानं कसं म्हटलं असेल, कुठल्या आवाजात, पुन्हा म्हण, पुन्हा म्हण, असं तो विचारत राहायचा.

त्यांतलीच एक कथा होइची या आंधळ्या बिवावादकाची. बिवा म्हणजे आपल्या वीणेच्या दूरच्या नात्यातलं तंतुवाद्य. असे आंधळे वादक गावोगाव फिरून हेइके घराण्याच्या विनाशाची गाथा गात. ११८५ साली दान-नो-उराच्या समुद्रात ते घराणं बुडालं होतं. गाथेची पहिली ओळ सुरू होते ती श्रावस्तीच्या जेतवन विहारातल्या घंटेनं, जिच्या नादात अनित्यतेचा प्रतिध्वनी आहे. बुद्धाच्या भूमीतली घंटा समुद्रापलीकडच्या आंधळ्यांच्या तोंडी शतकानुशतकं वाजत राहिली, हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी पुस्तक मिटून नुसती बसले होते. आकाशी काकुइची या वादकानं १३७१ मध्ये, मरण्याआधी थोडेच महिने, ती गाथा शिष्याला सांगून लिहून घ्यायला लावली. आपल्यामागे शब्दांवरून भांडणं होऊ नयेत म्हणून.

होइचीची कथा अनेकांना माहीत असेल. बुडालेल्या हेइकेंची भुतं त्याला रोज रात्री गायला बोलावतात. त्याला वाचवायला मठातला भिक्षू त्याच्या सर्वांगावर ‘प्रज्ञापारमिता हृदय सूत्र’ लिहितो, म्हणजे भुताला तो दिसणार नाही. पण कानांवर लिहायचं राहून जातं. अंधारात भुताला दिसतात ते फक्त दोन कान, आणि ते तेच उपटून नेतं.

लहानपणी मला ही नुसती भयकथा वाटायची. आता वाटतं, सगळ्या देहावर अक्षरं चढली आणि कान तेवढे अक्षराविना राहिले, हे कुठल्यातरी अज्ञात सांगणाऱ्यानं फार जाणून रचलंय. सेत्सुनं सांगितलंय की या कथेवर काम चालू असताना संध्याकाळी हर्न दिवा न लावता अंधारात बसून राही. ती पलीकडच्या खोलीतून हळूच हाक मारी, “होइची, होइची.” आतून उत्तर येई, “हो, मी आंधळा आहे, आपण कोण?” आणि पुन्हा शांतता. ही कथा ज्यात आहे ते ‘क्वाइदान’ हे पुस्तक आलं १९०४ मध्ये आणि त्याच वर्षी तो गेला. मुखपृष्ठावर नाव त्याचं एकट्याचं. पण त्या कथा सेत्सुच्या तोंडातून आल्या आणि त्याच्या कानांतून उतरल्या. दोघांतलं एक काढलं तर काहीच उरत नाही.

उत्तरेला होक्काइदोमध्ये चिरी युकिए ही ऐनू मुलगी. ऐनू म्हणजे तिथले मूळ रहिवासी; त्यांना लिपी नव्हती. त्यांची देवदेवता आणि वीरांची गीतं, युकार, सगळी तोंडी. वीरगाथा म्हटली जाते तेव्हा श्रोतेही हातात काठी घेऊन शेकोटीच्या चौकटीवर ताल धरतात, मधूनच आरोळी देतात. लोहाराचा तो समोरचा घण इथे अगदी खराखुरा वाजतो. युकिए आजीच्या आणि मावशीच्या सोबतीनं ही गीतं ऐकत वाढली. शाळेत मात्र शिकवलं जायचं जपानी, आणि ऐनू असणं म्हणजे कमीपणा. भाषाशास्त्रज्ञ किंदाइची क्योसुके यांनी तिला सांगितलं की तुमचं हे धन अमोल आहे. ती लिहायला बसली. एका बाजूला रोमन अक्षरांत ऐनू, समोर जपानी अर्थ, अशी तेरा गीतं. त्यांत घुबडाच्या रूपातला देव स्वतः बोलतो, कोल्हा स्वतः बोलतो, बेडूक स्वतः बोलतो. गाणारी व्यक्ती तेवढ्यापुरती ‘मी’ म्हणून तोच होते. सप्टेंबर १९२२ मध्ये तिनं शेवटची तपासणी पुरी केली आणि त्याच दिवशी हृदयविकारानं गेली. वय १९. पुस्तक पुढच्या वर्षी निघालं. आज ऐनू भाषा मरणाच्या दारात आहे. जे परत शिकू पाहतात त्यांच्यासाठी या मुलीची वही म्हणजे आजीच्या मांडीसारखी आहे.

आता एक शब्द ओझरता. जपानमध्ये तुम्ही आज ‘कुचि’ ऐकाल ते बहुधा ‘कुचिकोमी’मध्ये. १९६० च्या दशकातला हा शब्द. वर्तमानपत्रं आणि दूरचित्रवाणीला लोक ‘मासुकोमी’ म्हणत, मास कम्युनिकेशनचं जपानी तुकडं. त्याला जोड म्हणून तोंडाचं ते कुचिकोमी. शेजारीण सांगते ते दुकान चांगलं, एवढाच अर्थ. आता कुचिकोमी म्हणजे उपाहारगृहाच्या नावाखाली लोकांनी टंकलेली मतं आणि चांदण्या. मीही जपानला गेले की तीच बघून जेवते, उपयोग होतो. पण तिथे कोणी कोणाला ‘हं’ म्हणत नाही, आणि त्या शब्दातलं तोंड मला फार एकटं वाटतं.

ज्या जागेसाठी मी हे सगळं लिहायला घेतलं, ती हिरोशिमा.

तिथे ज्यांनी अणुबॉम्ब सोसला त्या हिबाकुशांपैकी काही जण वर्षानुवर्षं शाळांतून, संग्रहालयात आपली कहाणी सांगत आले. त्यांना कातारिबे म्हणतात, प्राचीन दरबारात कथा म्हणून दाखवणाऱ्यांना जे नाव होतं तेच. पण माणसं थकतात. मार्च २०२५ अखेर जपानमधल्या नोंदणीकृत हिबाकुशांची संख्या पहिल्यांदाच एक लाखाच्या खाली गेली आणि सरासरी वय ८६ च्या वर. हे येणार हे हिरोशिमा शहरानं आधीच ओळखलं होतं. २०१२ मध्ये त्यांनी वारस घडवायला सुरुवात केली. ज्यांनी स्वतः काही पाहिलेलं नाही अशी माणसं, गृहिणी, निवृत्त शिक्षक, तरुण मुलं, एका हिबाकुशापाशी जाऊन बसतात. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. काही वर्षं ऐकतात. मग आपल्या शब्दांत संहिता लिहितात आणि ती त्यांनाच दाखवतात. त्यानंतरच लोकांसमोर उभं राहायचं. २०१५ पासून हे लोक सांगू लागले. पुढे २०२२ पासून आईवडिलांची, आजी-आजोबांची कहाणी सांगणारे घरचे वारसही तयार होऊ लागले.

ही माणसं “मी पाहिलं” असं म्हणू शकत नाहीत. युकारमधल्या घुबडासारखा ‘मी’ त्यांना घेता येत नाही, घेऊही नये. त्यांच्याकडे आहे ते फक्त “मी ऐकलं.” आणि त्या ऐकण्याच्या बळावर ती परक्या माणसाची होरपळ, त्याच्या आईची शेवटची हाक, नदीच्या काठावरचा तो दिवस पुढे नेतात. मला ही फार मोठी जबाबदारी वाटते. दुभाषी म्हणून मी रोज दुसऱ्याचं बोलणं माझ्या तोंडानं बोलते, पण तासाभरात ते विसरून जाते. हे लोक ते घरी घेऊन जातात.

त्यांना जपानीत देनशोशा म्हणतात. ‘देन’ म्हणजे ते चिन्ह, माणूस उभा असलेलं, पोचवण्याचं. ‘शो’चं चिन्ह वेगळ्या वाचनात उकेतामावारु या क्रियापदाचं. नम्रपणे घेणं, मान लववून ऐकणं. दुकानात तुमचं म्हणणं ऐकून घेतलं की विक्रेती तेच क्रियापद म्हणते. देणं आणि ऐकून घेणं, दोन्ही एकाच शब्दात शेजारी शेजारी बसली आहेत. तोंडाचा चौकोन त्यात नाहीच. हे दिसलं त्या रात्री मी आत्याचं ते अपुरं मुद्रण पुन्हा लावून ऐकलं.

त्यानंतर दर श्रावणात मी वाईला जाते. फोन पिशवीत ठेवते. आत्या सांगते, मी हं म्हणते, कधी “मग?” विचारते, आणि कहाणी दर वर्षी थोडी वेगळी होते. एका वर्षी त्यातल्या गरीब बहिणीच्या ताटात भाकरी असते, एका वर्षी कण्या. साठा उत्तराची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण झाली की ती माझ्या हातातले दाणे परत घेते आणि देवापुढे ठेवते.

गेल्या वर्षी तिला दम लागत होता. दाणे वाटून झाल्यावर म्हणाली, “आज तू सांग.” मी सुरुवात केली. मधे एका ठिकाणी अडले तेव्हा लहानपणी छापील पुस्तकात वाचलेलं वाक्य तोंडात आलं, गुळगुळीत, सगळे अनुस्वार जागच्या जागी. आत्यानं हात वर केला.

“हे पुस्तकातलं,” ती म्हणाली. “तुझं सांग.”

मी बहिणीच्या ताटापासून पुन्हा सुरुवात केली. ताटात या वेळी काय वाढावं, याचा क्षणभर विचार केला. आंबील वाढली.

“हं,” आत्या म्हणाली.